फेलोशिपचा फॉर्म भरताय? सोलापूरच्या पोरांनो, या चुका टाळा

सोलापुरात अभ्यासिका भरपूर झाल्यात, सकाळी सहाला जाऊन जागा धरणारी पोरं-पोरी आहेत, पॉलिटी तोंडपाठ, योजना तोंडपाठ, पण परीक्षा पास व्हायच्या आधीच फेलोशिप घेऊन सरकारी यंत्रणेत वर्षभर काम करता येतं आणि त्याचे महिन्याला पैसेही मिळतात हे बऱ्याच जणांच्या कानावरच गेलेलं नसतं. आणि ज्यांना माहीत असतं त्यांचा फॉर्म अभ्यासावर अडकत नाही, भलत्याच ठिकाणी अडकतो. मी गेली काही वर्षं पोरांचे फॉर्म आणि निबंध बघून देतोय, त्यात परत परत दिसणाऱ्या चुका इथे लिहितोय, क्रम असा काही नाही.

"आधी पोस्ट काढू, मग बघू की बे"

हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकतो. एमपीएससीला ओपनला ३८ आणि राखीवला ४३ वय चालतं म्हणून डोक्यात बसलेलं असतं की अजून लई टाइम आहे. फेलोशिपचं गणित वेगळं आहे राव. महाराष्ट्र शासनाच्या मुख्यमंत्री फेलोशिपला वय २१ ते २६ लागतं, खासदारांसोबत दिल्लीत काम करायची लॅम्प फेलोशिप आहे तिला वय २५ किंवा त्याहून कमी लागतं. तीन अटेम्प्ट देऊन, दमून, २७ व्या वर्षी "सर, फेलोशिपचं काय असतं" असं विचारायला आलात तर मी चहा पाजण्यापलीकडे काही करू शकत नाही.

दुसरं म्हणजे या गोष्टी कायमच्या नसतात. मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ ला सुरू झाली, २०२० ला बंद पडली, २०२३ ला परत चालू झाली. मधल्या काळात ज्यांचं वय बसत होतं त्यांचं वय गेलं, बास. त्यामुळे जाहिरात निघाली आणि तुम्ही बसताय तर "पुढच्या वर्षी नीट तयारीनं भरतो" हा विचार सोडा.

अनुभवाचं पत्र

मुख्यमंत्री फेलोशिपला पदवीला ६० टक्के आणि एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव लागतो. इथे निम्मी गंमत होते. एनएसएसचं सर्टिफिकेट, गणेश मंडळाचं पत्र, कॉलेजच्या गॅदरिंगचा फोटो, काय काय जोडतात! तो अनुभव नाही धरत. पण याच्या उलटंही होतं, पोरानं दीड वर्ष मामाच्या टॉवेलच्या कारखान्यात पूर्णवेळ हिशेब, माल, कामगारांची हजेरी सगळं बघितलेलं असतं आणि फॉर्ममध्ये लिहितो "अनुभव नाही", का तर घरचंच काम होतं म्हणे. अरे बाबा ते काम आहे! पूर्णवेळ इंटर्नशिप, आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण), स्वतःचा पूर्णवेळ धंदा हे सुद्धा धरतात, फक्त त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत कुठला कागद मागितलाय ते शब्द न शब्द वाचा.

पत्र घेताना लेटरहेड, कधीपासून कधीपर्यंत ती तारीख, पूर्णवेळ होतं हे स्पष्ट, काय काम केलं ते दोन ओळीत, सही-शिक्का. आणि हे नोकरी सोडायच्या दिवशीच घ्या. सोडून आल्यावर मालक फोन उचलत नाही, आणि उचलला तरी अकाउंटंट गावाला गेलेला असतो.

नेट कॅफेवाल्याचा नंबर

ही चूक ऐकायला फालतू वाटते पण यानं फॉर्म गेलेले मी बघितलेत. फॉर्म भरायला कॅफेत जायचं, तो घाईत स्वतःचाच ईमेल टाकतो, कधी मोबाईल नंबर पण त्याचाच, पासवर्ड त्याच्या वहीत. मग पुढच्या टप्प्याचा मेल येतो तो कॅफेवाल्याला. त्याच्याकडे दिवसाला शंभर मेल, तो कशाला बघतोय. तुमचा स्वतःचा ईमेल पाहिजे, सरळ नावाचा, ते 'किंग' आणि 'लव्हर' वालं अकाउंट मित्रांसाठी ठेवा. भरलेल्या फॉर्मची पीडीएफ मेलवर पाठवून ठेवा. आणि स्पॅम फोल्डर उघडत जा.

आधार, दहावीचं मार्कशीट, पदवी या तिन्हीवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते आजच बघा. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण, एकीकडे फक्त अक्षर, असं असलं की कागदपत्र तपासणीला घाम फुटतो, आणि दुरुस्तीला वेळ लागतो.

निबंधात सोलापूरच नसतं

आता मुद्द्याचं. मुख्यमंत्री फेलोशिपमध्ये आधी ऑनलाइन वस्तुनिष्ठ परीक्षा असते, त्यात वर आलेल्यांना निबंध द्यावे लागतात, मग मुलाखत. परीक्षा आपली पोरं काढतात. निबंधात झोपतात. लॅम्पला तर अर्जातच लिहायला लागतं.

लिहितात काय तर, "मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे, भारत हा कृषिप्रधान देश आहे, युवकांनी पुढे आलं पाहिजे." हे नांदेडचा पोरगा लिहू शकतो, नागपूरची पोरगी लिहू शकते, कोणीही. वाचणाऱ्याला त्यातून तुम्ही कोण ते कळतच नाही.

आता हेच बघा. उजनी आपल्या जिल्ह्यात, आणि सोलापूर शहरात नळाला पाणी काही दिवसाआड. हा प्रश्न तुम्ही भोगलाय, बॅरल भरून ठेवलेत, पाणी कधी येणार यावर घरातली कामं ठरलीत. मग लिहायचं ते हे की धरणापासून नळापर्यंत अडचण कुठे कुठे आहे, मुख्य जलवाहिनी, टाक्या, आतली जुनी वितरण व्यवस्था, कोणता भाग महापालिकेचा, कोणता राज्याचा, पैसा कुठून येतो, आणि यातली एक गोष्ट सुधारायची तर कुठून सुरुवात कराल. एकच गोष्ट. सगळं सोलापूर सुधारायला जाऊ नका.

किंवा सोलापूरजवळच्या कुंभारीची रे नगर ही कामगारांची वसाहत घ्या. १९ जानेवारी २०२४ ला तिथे १५ हजार घरांचं लोकार्पण झालं, विडी कामगार, यंत्रमाग कामगार असे लोक तिथले लाभार्थी. बातमी तिथे संपते, निबंध तिथून सुरू होतो. विडी वळणारी बाई रोज पानं-तंबाखू आणायला आणि माल द्यायला कशी जाते, बसचा खर्च किती, पोरांची शाळा बदलली का, दवाखाना किती लांब. चार घरी जाऊन विचारा, वहीत लिहून आणा. चार घरांवरून तुम्ही काही सिद्ध करू शकत नाही, तसं निबंधात स्पष्ट म्हणा पण, त्यानं उलट वजन वाढतं.

अजून एक, आपली पोरं भाषा लपवतात, हे मला खरंच कळत नाही. घरी तेलुगू, अक्कलकोटकडच्या आत्याकडे कन्नड, शाळा मराठी, दोस्तांत हिंदी-दखनी, आणि फॉर्ममध्ये "मराठी, हिंदी, इंग्रजी" एवढंच. पूर्व भागात यंत्रमाग कामगाराशी तेलुगूत बोलू शकणारा माणूस प्रशासनाला किती कामाचा असतो ते लिहा की!

चॅटबॉटकडून अख्खा निबंध लिहून घेणाऱ्यांना एवढंच सांगतो, मुलाखतीत त्यातल्याच वाक्यावर प्रश्न येतो.

खासदारांच्या ऑफिसला चकरा

लॅम्पसाठी खासदारांचं शिफारसपत्र लागतं असा एक गैरसमज फिरतोय. नाही लागत. २०१० पासून पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था हे चालवते, निवड तीच करते आणि फेलोला खासदारही तीच जोडून देते, तो कुठल्याही पक्षाचा, कुठल्याही राज्याचा असू शकतो. "मी फक्त आमच्याच पक्षाच्या साहेबांसोबत काम करीन" असं असेल तर अर्ज करू नका. काम म्हणजे संसदेतले प्रश्न, विधेयकांचा अभ्यास, भाषणासाठी माहिती. स्टायपेंड मिळतो, पण दिल्लीतलं खोलीभाडं आणि डिपॉझिट आधी हिशेबात धरा, पहिला महिना जड जातो. नीती आयोगाची इंटर्नशिप तर बिनपगारी आहे, फुकटात दिल्लीत राहायची सोय असेल तरच.

परदेशाचं स्वप्न आणि तीन वर्षांचं बीए

पब्लिक पॉलिसीत (सरकारी धोरणांचा अभ्यास) मास्टर्स करायला बाहेर जायचंय म्हणणारे वाढलेत, चांगलंय. पण ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा म्हणजे २,८०० तासांचा अनुभव लागतो, अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स शिष्यवृत्तीला तीन वर्षांचा, आणि तिथे नुसती तीन वर्षांची पदवी पुरत नाही, वर मास्टर्स किंवा पीजी डिप्लोमा लागतो. बीए झालं की लगेच भरायची गोष्ट नाही ही. चेव्हनिंगवाल्याला शिकून झाल्यावर परत येऊन दोन वर्षं भारतात राहावं लागतं, हे पण घरी आधीच सांगून ठेवा.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे, उत्पन्न मर्यादा ८ लाख. यात एक खड्डा आहे. २०२२ पासून भारतीय संस्कृती, इतिहास, भारतावरचा सामाजिक अभ्यास असे विषय त्यात चालत नाहीत. मला हा नियम पटत नाही, पण नियम आहे, आणि पॉलिसीवाल्यांचा विषय नेमका याच्या कडेला येतो. त्यामुळे कोर्स ठरवायच्या आधी मार्गदर्शक सूचना वाचा. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती वेगळी, तिच्या अटी वेगळ्या, दोन्हीची सरमिसळ करू नका.

पैसे आलेच नाहीत

इथेच शिकताय आणि महाडीबीटीवर (राज्याचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) फॉर्म भरलाय, तर फॉर्म भरून गप्प बसू नका. आधी लॉगिन उघडून स्टेटस बघा, बऱ्याचदा अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून असतो किंवा त्रुटी काढून तुमच्याकडेच परत आलेला असतो आणि तुम्ही तीन महिने बघितलेलंच नसतं. कॉलेजचा क्लार्क वाईट नसतो, त्याच्याकडे ढिगारा असतो, अर्ज आयडी कागदावर लिहून न्या, तोंडी नाव सांगू नका.

अर्ज मंजूर आहे तरी पैसे नाहीत, असं असेल तर खातं तपासा. पासबुक एका बँकेचं आणि आधार जोडलेलं दुसऱ्याच, हे फार होतं. मध्ये कधीतरी कुणाच्या तरी सांगण्यावरून नवीन खातं काढलेलं असतं आणि आधार तिकडे जोडलं जातं, मग शिष्यवृत्ती त्या खात्यात जाऊन बसते, आणि आपण इकडे बोंब मारतो. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस दिसतं, आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते तिथे बघा, खातं बंद पडलं असेल तर बँकेत जाऊन चालू करा नाहीतर आधार हव्या त्या खात्याला जोडून घ्या. उत्पन्नाचा दाखला जुना झालाय का तेही त्याच दिवशी बघा, कारण तहसीलला गर्दी ॲडमिशनच्या वेळी होते, मार्च-एप्रिलमध्ये नाही.