हायलंड लष्करी पोशाखातील जुन्या वस्तूंचा काळ ठरवताना या चुका टाळा

स्कॉटलंडच्या हायलंड पलटणींचा पोशाख म्हटला की डोळ्यांसमोर किल्ट, म्हणजे चौकटीच्या कापडाचा चुणीदार घागरा, येतो. संग्राहकाच्या हाती मात्र बहुधा त्याच्या सोबतच्या वस्तू पडतात. किल्टच्या पुढे लटकणारी स्पॉरन नावाची केसाळ थैली, कमरेचा लांब खंजीर म्हणजे डर्क, मोज्यात खोचायची स्कियन दू ही छोटी सुरी, खांद्यावरचा ब्रोच आणि ग्लेनगॅरी टोपीचा बिल्ला, या त्यांपैकी प्रमुख. प्रत्येक वस्तूबरोबर विकणाऱ्याने सांगितलेली एक हकिकतही येते आणि काळ ठरवण्यातल्या बहुतेक चुकांचे मूळ तिच्यात असते.

जुनी खूण पाहून काळ ठरवणे

सर्वांत मोठी चूक हीच आहे. वस्तूचा काळ तिच्यावरील सर्वांत जुन्या खुणेवरून नव्हे, तर सर्वांत उशिराच्या खुणेवरून ठरतो. आपल्याला जवळचे उदाहरण घेऊ. 23 सप्टेंबर 1803 रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे आणि भोसले यांच्या फौजेविरुद्ध इंग्रज सेनापती वेलस्लीच्या सैन्यात 74 वी आणि 78 वी या दोन हायलंड पलटणी लढल्या आणि पुढे त्यांना हत्तीचे चिन्ह व ‘असई’ हे नाव मिरवण्याचा मान मिळाला. ‘असईच्या रणांगणावरचा’ म्हणून मला एकदा एक डर्क दाखवण्यात आला. पात्यावर हत्ती होता आणि त्याखाली असईचे नावही होते. परंतु लढाईचा मान लढाईनंतरच मिळतो, त्यामुळे ज्या शस्त्रावर असई कोरले आहे ते असईच्या दिवशी कोणाच्या कमरेला असण्याचा संभव फारच कमी, एवढे तर पाहताक्षणीच कळत होते.

पाते उजेडाकडे तिरपे धरल्यावर मुठीजवळ, झिजलेल्या नक्षीत, ‘कंदाहार 1880’ ही अक्षरे दिसली आणि उलगडा झाला. असईचा मान 78 व्या पलटणीचा आणि कंदाहारचा मान 72 व्या पलटणीचा. या दोन पलटणी ब्रिटिश सैन्याच्या 1881 च्या फेररचनेत एकत्र येऊन सीफोर्थ हायलंडर्स झाल्या. दोन्ही मान एकाच पात्यावर आहेत, म्हणजे पाते 1881 नंतरचे. म्यानाच्या चांदीच्या पट्टीवर एडिनबरोचा किल्ला आणि थिसल या काटेरी झाडाचे फूल हे छाप होते, शेजारचे वर्षाक्षर, म्हणजे चांदी तपासल्याचे वर्ष दाखवणारे अक्षर, तक्त्याशी ताडल्यावर 1890 च्या दशकातले निघाले, आणि 1784 पासून 1890 पर्यंत कर भरल्याची खूण म्हणून मारला जाणारा राजमुखाचा छाप तिथे नव्हता, तेही याच्याशी जुळले. असईनंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी घडलेला तो एक उत्तम डर्क होता आणि तेवढ्यानेही त्याची किंमत कमी होत नव्हती.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. पात्यावर एखादा मान नाही, म्हणून पाते त्या लढाईपूर्वीचे, असे उलटे अनुमान काढू नये. जागा अपुरी असते आणि कारागीर निवडक नावेच कोरतात. तसेच चांदीवरचा छाप त्या चांदीपुरताच खरा मानावा. पाते, मूठ आणि म्यान यांचा काळ वेगवेगळा निघणे ही अगदी नित्याची बाब आहे.

मुकुट पाहून घाई करणे

‘फुगीर मुकुट म्हणजे राजाचा, खोलगट मुकुट म्हणजे राणीचा’ हा नियम सर्वांना पाठ असतो आणि तो खोटाही नाही. 1901 नंतर ट्यूडर मुकुट आला, त्याच्या कमानी सलग वर फुगलेल्या असतात, आणि तो 1952 पर्यंत चालला. पण खोलगट मुकुट दोन राण्यांच्या काळात होता, व्हिक्टोरियाच्या आणि एलिझाबेथ दुसरीच्या. त्यामुळे 1953 नंतरचा बिल्ला शंभर वर्षांपूर्वीचा म्हणून विकला जातो, कधी जाणूनबुजून तर कधी अज्ञानाने. अशा वेळी धातू पाहावा. रंग चढवलेले हलके ॲल्युमिनियम 1950 च्या दशकानंतरचे असते आणि हातात घेताच त्याचे वजन खटकते.

त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की हायलंड पलटणींच्या अनेक बिल्ल्यांवर राजमुकुट असतच नाही. गॉर्डन हायलंडर्सच्या बिल्ल्यावर सांबराच्या मस्तकाखाली जो मुकुट दिसतो तो राजाचा नसून सरदाराचा आहे. सीफोर्थच्या अधिकाऱ्यांच्या बिल्ल्यावरचा मुकुट अल्बनीच्या ड्यूकचा. कॅमरन हायलंडर्सच्या बिल्ल्यावर क्रूस धरलेला सेंट अँड्र्यू असतो. या तिन्ही ठिकाणी मुकुटाच्या कमानी मोजून राजवट काढणे व्यर्थ आहे.

स्पॉरनचे गोंडे मोजून थांबणे

गोंड्यांवरून पलटण ओळखण्याची पद्धत सोयीची आहे आणि सामान्य शिपायांच्या स्पॉरनपुरती ती बऱ्याच अंशी विश्वासार्हही आहे. पांढऱ्या केसांवर पाच काळे गोंडे ब्लॅक वॉचचे, काळ्या केसांवर सहा पांढरे गोंडे आर्गाइल अँड सदरलंडचे, तर काळ्यावर दोन पांढरे गोंडे कॅमरनचे. अडचण येते ती पांढऱ्यावर दोन काळे गोंडे असतील तेव्हा, कारण ही ठेवण गॉर्डन आणि सीफोर्थ या दोघांचीही आहे, आणि निकाल वरच्या पट्टीवरील बिल्ल्यानेच लागतो. तो बिल्ला मागून कसा बसवला आहे, जुन्या भोकांशेजारी नवी भोके आहेत का, बिल्ल्याखालच्या चामड्याचा रंग भोवतालच्या चामड्यापेक्षा गडद राहिला आहे का, हे अवश्य तपासावे. वर्षानुवर्षे एकाच जागी असलेला बिल्ला आपली सावली चामड्यावर सोडतो, आणि ती सावली बिल्ल्याच्या आकाराशी जुळत नसेल तर बिल्ला नंतर लावलेला आहे.

कोणत्या पलटणीने किल्ट कधी घातला, हे माहीत नसले तरी फसगत होते. असईच्या त्याच 74 व्या पलटणीसह सहा पलटणींचा हायलंड पोशाख 1809 मध्ये काढून घेण्यात आला. पुढे 71 वी व 74 वी मिळून हायलंड लाइट इन्फन्ट्री झाली, तरी तिचे सामान्य शिपाई चौकटीच्या कापडाची पँटच वापरत राहिले आणि किल्ट त्यांना दुसऱ्या महायुद्धानंतर मिळाला. म्हणून ‘74 व्या पलटणीच्या शिपायाची, 1830 ची स्पॉरन’ असे कोणी म्हणाले, तर पुढचे बोलणे जपून करावे.

झीज म्हणजे वय समजणे

आज सियालकोटमध्ये स्पॉरन, किल्ट आणि बॅगपाइप मोठ्या प्रमाणावर बनतात. ते प्रामाणिक नवे काम आहे; लबाडी सुरू होते ती नंतर त्यावर चहाचे डाग आणि ओरखडे पाडले जातात तेव्हा. खरी झीज जिथे हात लागतो किंवा वस्तू घासली जाते तिथेच असते, म्हणजे मुठीच्या कडेला, पट्ट्याच्या बक्कलपाशी, थैलीच्या मागील बाजूस. अंधारात अतिनील टॉर्च धरल्यावर शिवणीचा दोरा निळसर पांढरा चमकू लागला तर तो बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरचा असतो, मात्र आधुनिक साबणाने धुतलेले जुने कापडही तसेच चमकते, हे विसरू नये. ठशाने उठवलेल्या बिल्ल्याच्या मागे पुढील चित्राचा उलटा खड्डा दिसतो, तर ओतीव नकलेची पाठ सपाट व खडबडीत असते. अधिकाऱ्यांचे काही अस्सल बिल्लेही ओतीव असत, त्यामुळे या एका कसोटीवर वस्तू नाकारू नये.

तपासण्याआधी साफ करणे

ही चूक दुरुस्त होत नाही. पितळ किंवा चांदी चकचकीत करण्याच्या हौसेत छापाच्या कडा बोथट होतात, वर्षाक्षर वाचता येईनासे होते आणि पितळ व चामडे यांच्या सांध्यातील हिरवा थर निघून गेला की धातू त्या जागी किती काळ होता याची साक्षही जाते. आधी तिरप्या उजेडात सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, छाप भिंगातून पाहून त्यांची रेखाटने करावीत, आणि स्पॉरनच्या घोड्याच्या केसांना पाणी न लावता मऊ ब्रशने फक्त धूळ झटकावी.