एका कीबोर्डवर दोन कॉम्प्युटर
सांगलीत विश्रामबागेतल्या घरी टेबल एवढंसं. त्यावर विंडोजचा लॅपटॉप, जुना लिनक्स डेस्कटॉप, दोन कीबोर्ड, दोन माऊस; चहाचा कप ठेवायला जागा नाही. एकाच कीबोर्ड-माऊसवर दोन्ही कॉम्प्युटर चालवू देणारं बॅरिअर हे फुकट सॉफ्टवेअर दोन्हीकडे टाकलं. ज्याला कीबोर्ड जोडलाय तो सर्व्हर (माझ्याकडे लॅपटॉप), दुसरा क्लायंट (डेस्कटॉप). (मी आधी नेमकं उलटं केलं होतं!) तरी जोडणी होईना. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. घोळ माझाच: घरचं वायफाय मी विंडोजमध्ये 'पब्लिक' ठेवलेलं, त्यामुळे फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या रोखणारी विंडोजची राखण) बॅरिअरचा २४८०० हा पोर्ट, म्हणजे जोडणीचं दार, अडवत होता. 'प्रायव्हेट' करून परवानगी दिली. सर्व्हरच्या मांडणीत डेस्कटॉपचं नाव, डेस्कटॉपवरच्या बॅरिअरमध्ये दिसतं अक्षरन् अक्षर तेच लिहिलं. आता माऊस उजवीकडे सरकवला की थेट पलीकडच्या पडद्यावर. कॉपी-पेस्टसुद्धा चालतं. लाइट जाऊन आली की राउटर लॅपटॉपला नवा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) द्यायचा, मग डेस्कटॉपला तो सापडायचा नाही. तोही राउटरमध्येच कायमचा बांधून टाकला.