टोकियोतली चकली, कोथरूडहून फोनवर

लेक टोकियोत, निशी-कासाईला राहते. तिथे भारतीय बरेच, त्यामुळे डाळी-मसाल्यांची ददात नाही. भाजणी तर मीच दिली होती, तरी चकली मऊ पडायची. शेवटी मी इथून व्हिडिओ कॉल लावून तिच्या ओट्याकडे बघत बसले. (तिकडचं घड्याळ साडेतीन तास पुढे, म्हणजे माझा चहा आणि तिचं जेवण.)

गोम शेगडीत होती. तिच्याकडे इंडक्शन. आपली ॲल्युमिनियमची कढई त्यावर तापेना, आणि दुसऱ्या भांड्यात तेल जरा तापलं की शेगडी आपणहून आच कमी करायची. मग तिने टेंपुरा (तिकडची भजी) तळायचं सपाट बुडाचं लोखंडी भांडं आणलं. त्याच्या काठालाच थर्मामीटर! आपल्याकडे ही सोय का नाही कोण जाणे. १८० अंशांना चकल्या सोडायच्या, मग १६० वर आणून बुडबुडे शमेपर्यंत तळायच्या. भांडं लहान, म्हणून एका घाण्यात तीन-चारच. मोडल्यावर कटकन आवाज फोनवर ऐकू आला.

पणत्या बॅटरीच्या लावल्या, इमारतीचे नियम कडक. लक्ष्मीपूजन ऑफिसातून आल्यावर, रात्री उशिरा. तिकडे दिवाळीची सुट्टी कुठली!