एचओ घ्यायचं की एन? आधी गाडी कशी चालवायचीय ते ठरवा

मॉडेल रेल्वेच्या छंदात नवीन माणूस पहिल्यांदा स्केलच विचारतो, म्हणजे खऱ्या गाडीपेक्षा किती पट छोटी (एचओ आणि एन ही अशीच दोन मापं), पण आधी विचार करा की तुम्हाला गाडी पळताना बघायचीय की स्वतः चालवायचीय, दोन्हीतली मजा वेगळी आहे.

बघायचीय म्हणजे लांब गाडी हवी. एचओ म्हणजे १:८७, त्यात आपला साधा आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याच्या बनावटीचा) डबा २५-२६ सेंटीमीटरचा होतो, २४ डब्यांची गाडी सहा मीटरच्या वर जाते आणि आठ बाय चार फुटी प्लायवर मारलेला गोल जेमतेम साडेपाच-पावणेसहा मीटरचा, म्हणजे इंजिन स्वतःच्याच शेवटच्या डब्याला जाऊन धडकणार! तिथे पाच-सहा डबेच शोभतात. एनमध्ये, म्हणजे १:१६० मध्ये, तोच डबा १४ सेंटीमीटरचा, त्यामुळे दहा डब्यांची गाडीसुद्धा छान दिसते. वेगाचंही तसंच, स्केलप्रमाणे ताशी ६० ने सोडली तर एचओ गाडी तो गोल अर्ध्या मिनिटात संपवते, एनला जवळपास दुप्पट वेळ लागतो. तरी गोल गोल बघून कंटाळा येतोच, म्हणून मधोमध उभा बोर्ड लावून डोंगर रंगवा, गाडी थोडा वेळ दिसेनाशी झाली की तेवढ्याच जागेत प्रवास लांब वाटतो. कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे, बघण्यातली मजा तुमच्यासाठी आहे का हे तिथे एका शोमध्ये कळेल.

स्वतः चालवायचीय, म्हणजे शंटिंग (डबे पुढेमागे करून जोडणं-सोडणं) आवडत असेल तर मात्र मी डोळे झाकून एचओ सांगेन. एनचं इंजिन हलकं, रुळावर जरा धूळ बसली की पॉइंटवर, म्हणजे रुळाला फाटा फुटतो तिथे, अडतं, मग बोटाने ढकलत बसा, आणि डब्यांमधलं ते बारकं कपलिंग जोडताना चष्मा शोधावा लागतो तो वेगळाच.

जागा कमी असेल तर ॲलन राइट या ब्रिटिश मॉडेलरचं इंगलनूक हे शंटिंगचं कोडं करून बघा. दोन पॉइंट, तीन सायडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ), एकात पाच वॅगन मावतात आणि बाकी दोनात तीन-तीन, आणि इंजिन पुढेमागे करायच्या टोकाच्या रुळावर इंजिन अधिक तीन वॅगन. आठ वॅगनच्या चिठ्ठ्या करा, पाच उचला आणि निघालेल्या क्रमानेच त्या लांब सायडिंगमध्ये गाडी लावा. क्रम ६,७२० प्रकारचे निघू शकतात. छोट्या वॅगन घेतल्या तर चार-पाच फूट बाय एक फुटात बसतं, कपाटावर ठेवता येतं.

आणि अख्खी खोली मिळाली तरी लगेच भरू नका राव, जितके रूळ तितकं पुसणं, आणि वायर कुठे सुटली ते शोधण्यातच रविवार जातो. बोर्ड भिंतीला लागून असेल तर अडीच फुटापेक्षा खोल नको, मागच्या कोपऱ्यात डबा घसरला की हात पोचत नाही. प्लाय कापायच्या आधी जमिनीवर मास्किंग टेप लावून पूर्ण आखणी करा, आणि दार उघडतंय का तेही बघून घ्या.