जुन्या भिंतीला पोट सुटलंय?
जुन्या वास्तूतली, मातीला टेकू देणारी दगडी भिंत पुढे फुगली की लोक आधी सिमेंटचं पोतं आणतात. थांबा. भिंतीला ढकलतं ते बहुतेकदा मागे साठलेलं पाणी. सांधे सिमेंटने बुजवले तर ते आतच कोंडतं. आधी तळाजवळची निचऱ्याची भोकं सळईने मोकळी करा, वरून येणारं पाणी दुसरीकडे वळवा. मगच सांधे भरा, तेही चुन्याने. भिंत कोरडी, म्हणजे चुना-माती न घालता नुसते दगड रचून केलेली असेल, तर सांधे भरूच नका. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण करून अंतर तारखेसह लिहा, दर महिन्याला मोजा. वाढतंय? मग जुन्या बांधकामाचा अनुभव असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठा. तोवर भिंतीच्या पायाशी खणू नका. आणि हो, सांध्यातलं झाड उपटू नका, कापा. मुळाबरोबर दगडही हातात येतो.