गळका हीटर कोअर बदलण्यापूर्वीची तयारी

हीटर कोअर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला एक छोटा रेडिएटरच असतो. इंजिनातले गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) त्यातून फिरते आणि ब्लोअरची हवा त्याच्या जाळीतून गरम होऊन काचेवर व पायांशी येते. बहुतेक जुन्या गाड्यांत त्याच्यापर्यंत हात पोहोचवण्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, त्यामुळे सुट्या भागाच्या किमतीपेक्षा मेहनतच जास्त पडते. पुढची सगळी तयारी डॅशबोर्ड एकदाच उघडावा लागावा, या एकाच हेतूने सांगितली आहे.

सर्वांत आधी गळती खरोखर कोअरचीच आहे, याची खात्री करावी. पुण्यातल्या पावसाळ्यात गालिचा ओला होण्याची कारणे निदान तीन असतात. काचेखालच्या जाळीत पाला साचून पावसाचे पाणी आत उतरते, एसीच्या कूलिंग कॉईलची निचरा नळी तुंबते, किंवा कोअर गळतो. एसीचे पाणी स्वच्छ आणि बिनवासाचे असते. कूलंट बोटांना बुळबुळीत लागते, त्याला गोडसर वास असतो आणि हिरवी किंवा गुलाबी छटा असते. ओल्या जागी पांढरा कागद दाबून पाहिला, तर रंग लगेच उमटतो. ब्लोअर लावताच समोरच्या काचेवर आतून तेलकट धुके धरत असेल आणि कूलंटच्या टाकीतली पातळीही उतरत असेल, तर शंकेला फारशी जागा उरत नाही. तरीही गार इंजिनावर रेडिएटरला प्रेशर टेस्टर (दाब भरून गळती तपासणारा पंप) लावून, कॅपवर छापलेल्या दाबापेक्षा अधिक दाब न देता, पंधरा-वीस मिनिटे काटा पाहावा. बाहेर कुठेही थेंब दिसत नसताना काटा उतरत गेला, तर फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यापाशी) हीटरचे दोन्ही होज, म्हणजे रबरी नळ्या, काढून एकमेकांना जोडावेत आणि चाचणी पुन्हा घ्यावी. आता काटा स्थिर राहिला, तर दोष कोअरचा किंवा त्याच्या जोडांचा.

हाच जोड कामाचा मुहूर्त लागेपर्यंत तात्पुरता उपाय म्हणूनही चालतो. मात्र होजची टोके नुसती बंद करू नयेत, कारण काही इंजिनांत थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) उघडण्यापूर्वी कूलंट याच वाटेने फिरते. गळती थांबवणारी पावडर किंवा द्रव कूलंटमध्ये टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तो गाळ नव्या कोअरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसतो. पुण्यात हीटर हवा कशाला, असेही अनेकजण विचारतात. ताम्हिणी किंवा वरंध घाटात मुसळधार पावसात काच आतून धूसर झाली, म्हणजे एसीने वाळवलेली आणि हीटरने तापवलेली हवाच ती सर्वांत लवकर मोकळी करते. तो प्रश्न सुरक्षिततेचा आहे.

कोअर का सडला, हेही आधीच शोधावे, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल. वर्षानुवर्षे बोअरचे पाणी ओतलेल्या गाडीत क्षार साचतात आणि धातू आतून खाल्ला जातो. कूलंटमधून वीज वाहत असेल, तरीही कोअर लवकर छिद्रे धरतो. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला आणि दुसरे, धातूला न टेकवता, रेडिएटरमधल्या कूलंटमध्ये धरावे, आकडा ०.३ व्होल्टच्या वर जात असेल, तर इंजिनाची अर्थिंगची पट्टी साफ करून घट्ट करावी.

सुट्या भागांसाठी नाना पेठेतली दुकाने पालथी घालावी लागतील. जुन्या मॉडेलचा कोअर मिळाला तरी तो जसाच्या तसा बसेलच असे नाही, म्हणून लांबी, रुंदी, जाडी, नळ्यांचा बाहेरचा व्यास आणि त्यांची वळणे टिपलेला कागद बरोबर न्यावा. शक्य असल्यास जुना कोअर हाती आल्यावरच नव्याचा सौदा पक्का करावा. तांब्या-पितळेचा असेल, तर चांगला रेडिएटरवाला तो सोल्डर करून देऊ शकतो, पण जाळी मऊ पडली असल्यास तो खर्च वाया जातो. नवा कोअर घरी आणताच एक नळी बंद करून दुसरीतून हलकी हवा भरावी आणि तो पाण्याच्या बादलीत बुडवून बुडबुडे पाहावेत.

कोअरबरोबर दोन्ही होज, त्यांच्या क्लिपा, हीटर कॉक (कोअरकडे जाणारे कूलंट रोखणारी झडप), थर्मोस्टॅट आणि रेडिएटरची कॅप हेही घेऊन ठेवावे. फोमची पट्टी मात्र बहुतेकांच्या यादीत नसते. कोअरच्या कडेने लावलेला जुना फोम हात लागताच काळ्या भुग्यासारखा गळून पडतो, आणि तो नवा लावला नाही तर हवा जाळीतून न जाता बाजूने निसटते. मग नवा कोअर असूनही हीटर कोमट राहतो. हवेची वाट बदलणाऱ्या फ्लॅपच्या कडांचा फोमही तेव्हाच बदलावा आणि फ्लॅपची केबल शेवटपर्यंत सरकते का, ते पाहावे.

काही गाड्यांत एसीची कूलिंग कॉईल हीटर कोअरच्याच डब्यात असते आणि डबा काढायचा तर एसीच्या नळ्या सोडाव्या लागतात. अशा वेळी एसीवाल्याकडून गॅस यंत्राने काढून घ्यावा, तो हवेत सोडू नये, आणि नव्या ओ-रिंगा (जोडांतल्या रबरी कड्या) मागवून ठेवाव्यात. बॅटरीचा ऋण खांब सुरुवातीलाच सोडावा. एअरबॅग असल्यास गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबल्याखेरीज स्टीअरिंगला हात लावू नये.

काम मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी काढावे, कारण गालिच्याखालचे भिजलेले नमदे धुऊन कडक उन्हातच नीट वाळतात. पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते आणि खालचा पत्रा गंजतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सलग दोन दिवस गाडी हलवावी लागणार नाही, अशी जागा ठरवावी. गोटी पान्यांचा संच, लांब एक्स्टेन्शन, आखूड स्क्रू ड्रायव्हर, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, मास्किंग टेप आणि हेडलॅम्प जवळ असावेत. प्रत्येक वायरिंगच्या प्लगला टेप लावून क्रमांक द्यावा, आणि पुठ्ठ्यावर डॅशबोर्डची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी खोचावा. चिकटलेले होज ओढू नयेत. ब्लेडने उभे चिरावेत, म्हणजे नळीचा दुसरीकडचा जोड वाकत नाही.

कूलंटसाठी इथिलिन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात घ्यावे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात साधे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. या मिश्रणाचा उत्कलनबिंदू त्याहून वर असतो आणि ते गंजही रोखते. जुने कूलंट गोड पण विषारी असते, म्हणून ते झाकणाच्या कॅनमध्येच उतरवावे. पार्किंगमध्ये सांडलेले कुत्र्या-मांजरांनी चाटले, तर थोडेसेही जिवावर बेतते. ते गटारात न ओतता, असा कचरा स्वीकारणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

डॅशबोर्ड परत चढवण्यापूर्वी कूलंट भरून प्रेशर टेस्टर पुन्हा लावावा आणि कोरड्या कापडाने प्रत्येक जोड पुसून पाहावा. भरताना हीटरचा खटका पूर्ण गरमवर ठेवावा, गाडीचे नाक थोडे उंच असावे आणि हवा काढण्याचा स्क्रू असल्यास त्यातून बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहावे. त्यानंतर कात्रजच्या जुन्या घाटात हीटर सुरू ठेवून एक चढण करावी, वर थांबून फायरवॉलजवळचे दोन्ही होज सारखेच गरम लागतात का ते सांभाळून पाहावे, आणि इंजिन पूर्ण गार झाल्यावरच, दुसऱ्या दिवशी सकाळी, कॅप उघडून पातळी तपासावी.