जुन्या माळवदी शेतघराची आणि त्याच्या गोठ्या-पेवांची नोंद कशी करावी

सोलापूर जिल्ह्यात जुने शेतघर काढायचे ठरले की पहिल्यांदा गोठा पडतो, मग पेव (धान्य साठवण्याचा जमिनीतला खड्डा) मुरुमाने बुजवले जाते आणि घराला हात लागतो तो सर्वांत शेवटी. त्यामुळे नोंदही त्याच क्रमाने, बाहेरून आत करत यावी. घराच्या दर्शनी चौकटीचे फोटो बहुतेक कुटुंबांकडे सापडतात, गव्हाणीचा फोटो मात्र मी अजून कोणाकडे पाहिलेला नाही.

मोजमापासाठी वैशाखात जावे, कारण तेव्हा शेतीची कामे थंडावलेली असतात आणि माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, कोरडे असते. तीस मीटरची फीत, ओळंबा, पातळी पाहण्यासाठी पाण्याची पारदर्शक नळी, चौकटींचा कागद, खडू, विजेरी आणि फितीचे दुसरे टोक धरणारा एक माणूस एवढी तयारी पुरते. फीत पिशवीबाहेर काढण्यापूर्वी मात्र ओसरीवर बसून घरातल्या वडीलधाऱ्यांना येण्याचे कारण सांगावे, कारण आपल्याकडे फीत दिसली की लोकांना वाटणीच आठवते. मोहोळ तालुक्यातल्या एका वस्तीवर मी हे विसरलो, तेव्हा अर्ध्या तासात दोन चुलतभाऊ बांधावरून येऊन उभे राहिले आणि "कुणाच्या बाजूनं मोजताय, साहेब?" या प्रश्नाचे उत्तर देण्यात माझी सकाळ गेली.

घर कधी बांधले असे विचारल्यास "आज्ज्याच्या काळातलं" यापलीकडे उत्तर मिळत नाही. त्याऐवजी १९७२ च्या दुष्काळात हा सोपा (घराची पुढची मोकळी पडवी) होता का, उजनीचे पाणी आले तेव्हा मोट चालू होती का, किल्लारीच्या भूकंपात कोणत्या भिंतीला तडा गेला, असे विचारावे. घराचे टप्पे आपोआप मागेपुढे लागत जातात.

बाहेरच्या वास्तूंत विहिरीपासून आरंभ करावा. मोटेचे थारोळे (मोटेचे पाणी ओतले जाण्याची जागा) आणि बैलांची उतरती धाव अजून शाबूत असेल, तर धावेची लांबी अवश्य मोजावी, कारण बैल जेवढे अंतर खाली चालत जात तेवढाच मोटेचा नाडा (दोर) वर येई. म्हणजे धावेच्या लांबीवरून विहीर बांधली तेव्हा पाणी साधारण किती खोल असावे याचा अंदाज करता येतो. आजच्या पाणीपातळीशी तो आकडा ताडून पाहिला की मालकालाही फीत आवडू लागते.

पेवाच्या बाबतीत एकच नियम आहे आणि तो मोडू नये: आत उतरू नये. तोंड अरुंद, पोट रुंद आणि आत धान्य असलेले किंवा वर्षानुवर्षे बंद असलेले पेव प्राणवायू नसलेल्या हवेने भरलेले असू शकते, आणि आत उतरलेला माणूस बेशुद्ध होण्यास फार वेळ लागत नाही. दोरीला दगड बांधून खोली वरूनच मोजावी, आतला आकार विजेरीच्या उजेडात पाहून अंदाजाने काढावा आणि नकाशावर तो अंदाज असल्याचे लिहावे. खळे आज नांगरले गेलेले असले तरी तिवड्याची (मळणीच्या वेळी खळ्याच्या मध्ये रोवायच्या खांबाची) जागा विचारून ते नकाशात दाखवावे, नाहीतर कडब्याची गंजी त्याच कोपऱ्यात का रचत हे कळत नाही.

गोठ्यात गव्हाणीची उंची, दावणीच्या खुंट्यांमधले अंतर, मूत वाहून जाण्याचा उतार आणि विशेषतः गुरे कोणत्या दाराने आत येत हे टिपावे. स्कॉटलंडमधील लुईस बेटावर आर्नोल गावी बेचाळीस क्रमांकाचे जुने घर जपून ठेवलेले आहे. १९६६ पर्यंत तिथे कुटुंब राहत होते, आणि माणसे व गुरे एकाच गवती छपराखाली नांदत. धुराडे नसलेल्या त्या घरांचे काजळलेले गवत उतरवून शेतात खत म्हणून टाकत असत. तिथे गुरांची ऊब माणसांच्या कामी येई; आपल्या उन्हात तिचे काय काम? ढेलजेतून (घराच्या प्रवेशदाराच्या खोलीतून) बैल आत घेण्यामागे, माझ्या मते, राखणीचाच विचार अधिक होता, आणि आतल्या अडसराची खाच पाहिली की तो पटतो.

आता घर. प्रत्येक खोलीच्या चार बाजूंबरोबर दोन्ही कर्णही मोजावेत, कारण काटकोनातली खोली जुन्या घरात क्वचितच असते. खण (दोन खांबांमधले गाळे) मोजून लिहावेत, खांबाखालच्या दगडी उथळ्यांची नोंद करावी, आणि तुळईत रिकाम्या खाचा दिसल्या तर ते लाकूड आधीच्या एखाद्या घरातून आलेले आहे असे समजावे. नकाशावर ढेलज, सोपा, माजघर, बळद (धान्याची कोठी), देवळी हेच शब्द लिहावेत. ढेलजेला "लॉबी" म्हटले की तिचा उपयोग नकाशातून पुसला जातो.

भिंतीची जाडी दारापाशी मोजावी आणि ओळंबा सोडून फुगवटा पाहावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात माणसे दगावली ती मुख्यतः अशाच घरांमध्ये: आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन थर, मध्ये माती आणि गोटे, दोन्हींना बांधणारा आरपार दगड नाही, आणि वर माळवदाचे ओझे. म्हणून आरपार दगड कुठे कुठे आहेत ते खडूने खुणावून घ्यावे, आणि फुगवटा आढळल्यास मालकांना त्याच दिवशी सांगावे.

माळवदावर चढल्यास तुळईच्या रेषेवरूनच चालावे. एखादा कोपरा ढासळला असेल तर त्याच्यासारखी संधी नाही, कारण तिथे सगळे थर उघडे दिसतात: तुळई, तिच्यावर कडी, कडीवर दाटीने मांडलेले किलचण (बारीक लाकडे), मग पाला आणि शेवटी पांढरीची (गावठाणातली पांढरट) माती. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते, म्हणून ती छपरावर कधी घातली नाही. दरवर्षी नवी माती घालताना जुनी काढली जात होती का, हे विचारावे. एक फूट जाडीचा थर चौरस फुटाला चाळीस-पन्नास किलो भार टाकतो आणि तो भिजल्यावर आणखी वाढतो. धूर आणि उजेडासाठी ठेवलेले सवणे पत्र्याने झाकलेले असेल तर तेही लिहावे.

माझ्या आजोळच्या घराला आम्ही हौसेने सिमेंटचा गिलावा केला होता. तिसऱ्या वर्षी जोत्यालगत लोणा (भिंतीवर येणारा पांढरा खार) फुटला आणि गिलाव्याचा पोपडा निघाला तो मागची माती घेऊनच, कारण मातीच्या भिंतीत चढलेल्या ओलीला बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. त्यामुळे कोणत्या भिंतीला सिमेंट लागले आहे आणि तिथे ओल किती फुटांपर्यंत चढली आहे, हे वेगळ्या रंगाने दाखवावे.

पहिला मोठा पाऊस पडला की त्याच घरी पुन्हा जावे. पन्हळीतून पाणी भिंतीपासून किती लांब पडते ते मोजावे, घरातल्या बाईंना भांडी कुठे कुठे ठेवावी लागतात ते विचारावे आणि ती प्रत्येक जागा वैशाखात काढलेल्या नकाशावर तारखेसह मांडून त्याची एक प्रत त्यांच्याच हाती द्यावी.